एक सूत कमी

दस्तगीरचाचा सतारमेकर यांचा तसा कुणावरच विश्वास नव्हता, आणि नव्या मोजपट्टीवर तर मुळीच नव्हता. दुकानात नवी पट्टी आली, की ती आधी वडिलांच्या पोलादी फूटपट्टीला लावून बघायची, मग उलटी धरून बघायची, आणि तरीही शंका उरलीच तर आठवडाभर खिळ्याला टांगून तिच्यावर नजर ठेवायची, हा त्यांचा रिवाज. टांगलेली पट्टी आठवड्यात काय उद्योग करणार होती, हे त्यांनाच ठाऊक. पण मिरजेतल्या त्यांच्या एवढ्याशा दुकानात तीन जिल्ह्यांतले शर्यतीचे सायकलपटू यायचे ते या संशयी स्वभावापायीच.

शर्यतीची सायकल विकत घेणं सोपं, ती अंगाला बसवून घेणं अवघड. सीट बोटभर वर गेली तर गुडघा बोलतो, बोटभर खाली आली तर मांडी. हँडल लांब पडलं तर मान धरते. माणूस तासाभरात पाच हजार वेळा पाय फिरवतो, म्हणजे मापातली बारीकशी चूकही पाच हजार वेळा भोगतो. चाचा हे माप दोऱ्यानं घ्यायचे. त्यांचे आजोबा सतारीच्या दांडीवर पडदे बांधत, त्यामुळे मेण लावलेला पांढरा दोरा त्या घरात कधी संपला नव्हता. पेडल सगळ्यांत खाली आणायचं, त्याच्या आसावर दोऱ्याचं टोक धरायचं, सीटच्या माथ्यापर्यंत ताणायचं आणि तिथं गाठ मारायची. पुढची गाठ हँडलला. मग नावाची चिठ्ठी लावून दोरा भिंतीवर. चाचांना मिलिमीटर येत नव्हते असं नाही, पण विचार करायचा तो सुतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

निवड चाचणीला दीड महिना असताना पद्मजा मगदूम टायर बदलायला सायकल घेऊन आली. चौदा वर्षांची असताना चाचांनीच तिला पहिली शर्यतीची सायकल बसवून दिली होती. आता ती तेवीस वर्षांची होती, चार हजार मीटरच्या ट्रॅक शर्यतीत राज्यात दुसरी होती, आणि या खेपेला राज्याच्या संघात गेली नाही तर पुढं वय कुणासाठी थांबणार नव्हतं. टायर काढता काढता चाचांनी भिंतीवरचा तिचा दोरा उतरवला आणि सायकलीला लावला. गाठ सीटच्या माथ्यावर यायला हवी होती. ती माथा ओलांडून वर गेली.

"सूतभर कमी हाय," चाचा म्हणाले.

"काय कमी हाय?"

"पेडलपासनं सीट. मी पहिल्या दिवशी गाठ मारली तेव्हा बरोबर होतं."

"चाचा, तुम्ही टायर बदला की," पद्मजा हसून म्हणाली. "ही सायकल रोजच हलती. त्यासाठीच घेतली न्हवं?"

ते खरंच होतं. तिची सायकल 'बेत' होती. शिंपी अंगाचं माप बघून कापड बेततो तशी आमची सायकल स्वाराला बेतते, असं कंपनीचं म्हणणं. सीटच्या नळीत, हँडलच्या मानेत आणि पेडल ज्या दांड्यांना असतात त्या क्रँकच्या पोटात नखाएवढ्या मोटारी होत्या. स्वाराच्या तंग चड्डीत विणलेल्या तारा स्नायूंतली वीज टिपत. मांडीवर टेकलेला एक लाल दिवा कातडीतून आत उजेड सोडी, आणि किती उजेड परत आला त्यावरून त्या स्नायूला प्राणवायू किती मिळतोय ते यंत्राला कळे. तेवढी माहिती मिळाली, की यंत्र स्वाराची बैठक सुधारायला घेई.

खरी करामत त्या सुधारण्यात होती. मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या आतला बदल माणसाच्या शरीराला जाणवत नाही. म्हणून 'बेत' रोज केसाएवढीच सरके. स्वाराला पत्ता लागत नसे, आणि दोन-तीन महिन्यांत तो आपल्या नेमक्या बैठकीत येऊन बसलेला असे. दुखणं नाही, खुपणं नाही, तक्रार नाही. चाचांना नेमकं हेच खटकत होतं. जी गोष्ट चांगल्यासाठीच करायची, ती माणसाला कळू नये म्हणून एवढी खटपट कशाला? या कंपनीबद्दल त्यांचं मन आधीच साफ नव्हतं. चार वर्षांपूर्वी तिचीच माणसं दुकानात येऊन त्यांच्या एकतीस वर्षांच्या वह्यांच्या पानन् पानाचे फोटो काढून घेऊन गेली होती. जुन्या कारागिरांचं ज्ञान जपायचंय म्हणाली होती, आणि नंतर साधा फोनही केला नव्हता.

"सायकल हलती ते मला माहीत हाय," चाचा म्हणाले. "पण हँडल हललं तर ती स्क्रीनवर सांगती. हे का सांगत न्हाई?"

पद्मजानं हँडलवरची छोटी स्क्रीन त्यांच्यापुढं केली. पेडल ते सीट, नऊ महिन्यांपूर्वी होतं तेवढंच. दशांशाचाही फरक नव्हता.

"दोरा आखडला असंल तुमचा."

"आखडला असता तर गाठ खाली आली असती. ही वर गेलीय. दोघांतलं कोणतरी एक खोटं बोलतंय बेटा, आणि दोऱ्याला खोटं बोलून काय मिळणार?"

पद्मजानं ते हसण्यावारी नेलं. चाचांनी मात्र रातोरात आणखी बारा गिऱ्हाइकांच्या साध्या सायकली आठवून काढल्या आणि पुढच्या आठवड्यात एकेकाला बोलावून दोरे लावून पाहिले. सगळे दोरे आपापल्या गाठीला इमानदार निघाले. महिनाभरानं पद्मजा परत आली, तेव्हा तिची गाठ दोन सूत वर गेली होती आणि स्क्रीन तोच जुना आकडा दाखवत होती. यंत्र लपवाछपवी करतंय याबद्दल आता चाचांच्या मनात तिळमात्र शंका राहिली नाही. त्यांनी कंपनीला सलग तीन दिवस फोन करून भंडावून सोडलं, तेव्हा पुण्याहून निषाद गोगटे नावाचा तरुण इंजिनिअर आला.

निषाद मनानं सरळ होता. पांढरा शर्ट घालून आला, सायकलीच्या उजव्या अंगाला गुडघे टेकून बसला, लेसर लावला आणि पेडलपासून सीटपर्यंत माप घेतलं. स्क्रीनवरचा आकडा आणि लेसरचा आकडा तंतोतंत जुळला. त्यानं पुन्हा मोजलं. पुन्हा जुळला.

"काका, मशीन बरोबर आहे," तो नम्रपणे म्हणाला. शर्टाच्या बाहीला चेनचं काळं तेल लागलं होतं, ते फडक्यानं पुसत त्यानं सामान आवरलं. "दोऱ्यानं इतकं बारीक माप येतं यावर माझा विश्वास आहे, खरंच. पण यावेळी काहीतरी चुकलं असेल."

तो गेल्यावर पद्मजानं सायकल ओढून घेतली. मग म्हणाली, "चाचा, बारा दिवसांवर चाचणी आलीय. मला रोज सायकलवर बसताना वाटाय लागलंय की खाली कायतरी गडबड हाय. हे तुम्ही माझ्या डोक्यात घातलंय. तुमचा त्या 'बेत'वर राग हाय, सरळ म्हणा की. लोक आता दोरा बांधायला येईनात, म्हणून."

चाचांना ते फार लागलं, कारण त्यात थोडं खरं होतं. पद्मजा सायकल घेऊन निघून गेली आणि ते निषादनं टाकलेलं फडकं घडी करत बसले. फडकं काळंमिट्ट होतं. पस्तीस वर्षं माप घेतलं, पण आपला दोरा कधी काळा झाला नाही, असं त्यांच्या मनात आलं आणि घडी घालणारे हात थांबले. दोरा काळा व्हायचा नाही, कारण चेन असते उजवीकडं आणि ते माप घ्यायचे कायम डावीकडून. पांढरा दोरा तेलात बुडू नये, एवढंच कारण. बाकी सगळी दुनिया चेनच्या बाजूनं मोजते, कारण सायकल चेनची बाजू पुढं करूनच उभी केलेली असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा सांगली रस्त्यावरच्या नव्या लाकडी ट्रॅकवर गेले. पद्मजाचं तोंड त्यांना बघताच उतरलं.

"एकदाच," चाचा म्हणाले. "न्हाई जमलं तर परत तोंड दाखवणार न्हाई."

ते सायकलीच्या उजव्या बाजूला बसले आणि पेडलच्या आसापासून वर दोरा ताणला. गाठ सीटच्या माथ्यावर नेमकी येऊन बसली. दोऱ्याचं टोक तेलानं काळं झालं. मग त्यांनी क्रँक फिरवून डावं पेडल खाली आणलं आणि डावीकडून तेच केलं. गाठ दोन सूत वर गेली.

पद्मजा वाकून बघत राहिली. "पण दोन्ही क्रँक सारखेच असतात, चाचा."

"असतात. म्हणूनच कुणी मोजत न्हाई. बाई, तुझा डावा क्रँक आखूड केलाय ह्यानं."

निषाद रात्री सांगलीतच मुक्कामाला होता. फोन केल्यावर अर्ध्या तासात आला, आणि यावेळी त्यानं डावीकडून मोजलं. नंतर लेसर पुसून पुन्हा एकदा मोजलं. आतली संपूर्ण नोंद उघडायला पुण्याची परवानगी लागणार होती. ती येईपर्यंत चाचांनी ट्रॅकवरची क्लबची एक साधी सायकल घेतली, दोरा लावून पद्मजाच्या मापाची केली आणि तिच्यापुढं उभी केली. दोन्ही क्रँक सारखे, मोटार नाही, दिवा नाही.

"आठ फेऱ्या मार. शर्यतीत मारतीस तशा."

चार फेऱ्या तिनं सुरेख मारल्या. पाचव्या फेरीत डावा गुडघा बाहेर फेकला जाऊ लागला. सातव्या फेरीला ती वळणावरून खाली उतरली आणि कठड्याला धरून थांबली. डावी मांडी जणू दुसऱ्याच कुणाची आहे, असं म्हणाली. चाचांनी तिला बूट-मोजे काढायला सांगितले. "आता दोन्ही पायांना हात लावून तूच बघ," ते म्हणाले.

तिनं दोन्ही पावलांना हात लावला. उजवं पाऊल घामेजून गरम झालं होतं. डावं गार होतं, आणि बोटं पांढरी पडली होती. तिनं हात काढला नाही. भर उन्हात, एवढी धाप लागलेली असताना, आपलाच पाय गार लागतोय हे तिला खरं वाटेना.

तेवढ्यात निषादच्या टॅबलेटवर नोंद उघडली. त्यानं ती वाचत वाचत जे सांगितलं ते असं. सात महिन्यांपूर्वी, जोर लागला की पद्मजाच्या डाव्या मांडीतला प्राणवायू कमी पडतोय, असं यंत्राच्या लक्षात आलं. जोर कमी, मग मुंग्या, मग दुखणं, हा पुढचा क्रम त्याला माहीत होता. त्यानं सीट सरकवून बघितली, हँडल उचलून बघितलं. शेवटी डावा क्रँक आखूड केला. क्रँक आखूड झाला की गुडघा छातीकडं कमी येतो, जांघेत पाय कमी दुमडतो. तसं केल्यावर प्राणवायू पुन्हा पुरू लागला. जेव्हा जेव्हा तो कमी पडला, तेव्हा तेव्हा यंत्रानं क्रँक आणखी आखूड केला.

"आणि स्क्रीनवर का न्हाई सांगितलं?" पद्मजानं विचारलं.

"स्क्रीनवर क्रँकसाठी एकच रकाना आहे," निषाद म्हणाला. "उजव्याचा. दोन वेगळे असतील असं आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं."

"प्राणवायू का कमी पडतोय, हे त्यानं विचारलं न्हाई?"

"शरीराबद्दल बोलायचं नाही, असं त्याला बांधून दिलंय. बोललं तर तो वैद्यकीय सल्ला होतो, त्याची जबाबदारी कंपनीवर येते. त्याला एकच काम दिलंय. स्वाराची तक्रार येऊ द्यायची नाही."

पद्मजानं मोजे उचलून पायात चढवले. मग तिनं विचारलं, "चाचणीला सायकल तपासतात, ते पण चेनच्याच बाजूनं मोजतात, व्हय न्हवं?"

तिघांनाही कळत होतं की 'बेत'वर बसून गेली तर तपासणीत कुणाला काही सापडणार नाही, आणि कदाचित ती जिंकेलही. चाचांनी टॅबलेट हातात घेतला. त्यांना एवढंच बघायचं होतं की हरामखोर यंत्रानं नेमकं कधी, किती सरकवलं. रोजची हालचाल केसाएवढी होती, पण प्रत्येक बदलापुढं यंत्रानं आधीच ठरवलेला मुक्कामाचा आकडा लिहिला होता. पहिल्यांदा ३.१७५. दुसऱ्यांदा ६.३५०. शेजारी शेरा होता: तक्रार नाही.

"हा असला आकडा कुठनं काढला?" चाचांनी विचारलं. "सरळ तीन का न्हाई?"

"ते मलाही कधी कळलं नाही," निषाद म्हणाला. "मशीनला जी जुनी फिटिंग्ज शिकवली, त्यातूनच आलंय. ते नेहमी याच टप्प्यानं जातं."

चाचांना मात्र कळलं. पंचवीस पूर्णांक चार दशांश मिलिमीटरचा एक इंच. त्याला आठानं भागलं की तीन पूर्णांक एक सात पाच. एक सूत.

त्या संध्याकाळी घरी त्यांनी वह्यांचा गठ्ठा सोडला. फोटो काढून नेलेल्या कुठल्या पानावर यंत्र शिकलं ते आता त्यांना बघायचं होतं, आणि बघायचं नव्हतंही. पानापानांवर त्यांचंच अक्षर होतं. गुडघा दुखतो, सीट एक सूत वर, तक्रार गेली. मान धरते, हँडल एक सूत मागे, तक्रार गेली. एवढ्या वर्षांत का दुखतं हे त्यांनी एकदाही लिहिलं नव्हतं, कारण विचारलंच नव्हतं. गिऱ्हाईक हसत बाहेर पडलं की काम झालं, यालाच ते कसब समजत आले होते. सगळ्यांत जाड वहीच्या शेवटाकडं, दोन वर्षांपूर्वीच्या तारखेला, त्यांना पद्मजाचं नाव सापडलं. ते पान त्यांनी तीनदा वाचलं आणि वही पिशवीत घातली.

मिरज दवाखान्यांचं गाव आहे. रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरणीची वेळ दोन दिवसांत मिळाली. चाचा पद्मजाबरोबर गेले, आई-वडील गावाहून संध्याकाळी यायचे होते. डॉक्टरणीनं पद्मजाला तिथल्या सायकलीवर दमेपर्यंत पाय मारायला लावले आणि लगेच दोन्ही घोट्यांचा रक्तदाब घेतला. डाव्याचा उजव्याच्या निम्माही भरला नाही. मग फोटो काढला आणि समोर ठेवला.

"जांघेतून पायाकडं जाणारी ही मोठी रक्तवाहिनी," ती म्हणाली. "वर्षानुवर्षं वाकून जोरात सायकल मारणाऱ्या काही जणांमध्ये ती दुमडली जाते, आतून जाड होत जाते. दुखायला लागलं की माणूस थांबतो, दाखवायला येतो. तू थांबलीच नाहीस. आता ऑपरेशन लागेल आणि वर्षभर शर्यत नाही. असंच दामटत राहिलीस तर पाय कायमचा अधू होऊ शकतो. पहिल्यांदा त्रास कधी जाणवला?"

"आत्ताच," पद्मजा म्हणाली. "दोन दिवसांपूर्वी. त्याआधी कधीच न्हाई."

डॉक्टरीण तसंच लिहून घेत होती. चाचा गप्प बसले असते, तर कुणाला काही कळणार नव्हतं. यंत्रावर सगळं शेकलं असतं आणि ते न्यायाचंही दिसलं असतं. त्यांनी पिशवीतून वही काढली.

"दोन वर्षं झाली, डॉक्टर," ते म्हणाले. "ऑगस्टची चौदा तारीख. डाव्या पायाला मुंग्या येतात म्हणून आली होती. मी बुटाखाली चकती घातली. एक सूत."

पद्मजानं त्यांच्याकडं वळून बघितलं. 'बेत'कडं चाचा महिनाभर ज्या नजरेनं बघत होते, तीच ती नजर होती.

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर दोघं बसले. समोरून औषधांच्या पिशव्या घेऊन माणसं जात-येत होती. चाचांना बोलायचं होतं, पण यंत्राला दिल्या होत्या तेवढ्या शिव्या स्वतःला कशा द्यायच्या ते त्यांना सुचेना.

"मला आठवतच नव्हतं," पद्मजा म्हणाली. "मुंग्या आल्याचं. तुम्ही चकती घातली आणि मी विसरले."

"त्यासाठीच घातली होती, बेटा. तुला बरं वाटावं म्हणून."

"ते पण बरं वाटावं म्हणूनच करत होतं." तिनं हात पुढं केला. "बघू वही."

तिनं ते पान वाचलं. शेवटच्या दोन शब्दांवर तिचं बोट थांबलं. तिनं पर्समधून पेन काढलं, पण स्वतः काही केलं नाही. पेन चाचांच्या हातात दिलं.

"गेली नव्हती, चाचा. खोडा."

'तक्रार गेली' या शब्दांवर त्यांनी एक रेघ ओढली आणि वर लिहिलं, तक्रार आहे. पद्मजानं ते वाचून बघितलं, मग फोन काढला आणि चाचणीतून नाव मागं घेत असल्याचं संघटनेला कळवलं. रडली ती त्यानंतर. चाचांनी तिला रडू दिलं. पाणी आणायला, समजूत घालायला, विषय बदलायला त्यांचं मन धावत होतं, पण ते जागचे हलले नाहीत.

"त्या निषादला सांगा," बऱ्याच वेळानं डोळे पुसत ती म्हणाली, "सगळ्या 'बेत' डाव्या बाजूनं मोजायला."

"सांगतो."

"आणि माझा दोरा काढून टाकू नका. परत आले की दोन बांधा. डाव्याचा वेगळा."

तिला आत परत बोलावलं. चाचा बाकावर एकटेच राहिले. पद्मजाचं पान दुमडून त्यांनी वही मागं मागं उलटत अगदी पहिल्या पानावर नेली. तिथं जयसिंगपूरचे बाळगोंडा चौगुले होते, सतरा वर्षांपूर्वीचे. उजवा गुडघा, सीट एक सूत वर, तक्रार गेली. शेजारी लिहिलेला फोन लागेल की नाही शंका होती, पण लागला.

"चौगुले, मी मिरजेचा दस्तगीर," चाचा म्हणाले. "तुमचा तो उजवा गुडघा... का दुखत होता हो?"